दुकानाच्या उद्घाटनाला मुलांना कोणती भेट द्यायची?

नाशिकमध्ये कॉलेज रोडवर कपड्यांचं दुकान उघडायचं असो, सिडकोत दातांचा दवाखाना असो की डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनात स्टॉल, मुलांसाठी काहीतरी द्यायचं ठरलं की हमखास एक चूक होते. मोठ्यांना द्यायच्या वस्तूच मुलांसाठी मागवल्या जातात. की-चेन, पेन, टेबल कॅलेंडर. सहा वर्षांच्या मुलाकडे किल्ली कुठली? ती की-चेन पार्किंगपर्यंत जाते आणि तिथेच राहते.

ऑर्डर देण्याआधी दोन-तीन वस्तूंचे नमुने आणा, लोगो न छापलेले. शेजारच्या मुलांच्या हातात द्या आणि पाच मिनिटं काही न बोलता बघत बसा. न समजावता मूल लगेच खेळायला लागलं तर वस्तू पास. दुसऱ्या दिवशी ती घरात सापडली तर तीच घ्या. लोगोवर मुलं भाळत नाहीत, त्यामुळे तो खेळाच्या आड येणार नाही असा छापा.

वयाचा विचार आधी सुरक्षिततेसाठी करायचा. तीन वर्षांखालच्यांसाठी मापाचा निकष 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीचा आहे. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते. घरी टिश्यू रोलच्या पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी मोठी असते, म्हणजे चूक झालीच तर सावधगिरीच्या बाजूने होईल. लाइट लागणाऱ्या खेळण्यातला बटण सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते. झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं नकोच. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. आपण विकत नाही, फुकट वाटतोय, म्हणून सूट मिळेल असं धरू नका. चिन्ह बघून घ्या, बिल मागून घ्या. फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, आणि फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहानांच्या घशात बसतो तो वेगळाच.

तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी स्टिकरच्या पानाला तोड नाही. 12 बाय 18 इंचांच्या शीटवर 9 बाय 13 सेंटीमीटरची नऊ पानं बसतात, प्रत्येकावर 3.5 सेंटीमीटरचे सहा गोल. पाच गोलांवर वाघ, बस, द्राक्षांचा घड अशी चित्रं, सहाव्यावर दुकानाचं नाव. सहाही गोलांवर नाव टाकलंत तर पान तसंच्या तसं कचऱ्यात जाईल. प्रेसला ‘हाफ कट’ सांगा, म्हणजे फक्त वरचा स्टिकर कापायचा, मागचा कागद नाही. ब्लेड खोल गेलं तर मागचा कागदही कापला जातो आणि स्टिकर आपोआप गळतात; वर राहिलं तर मुलाच्या नखाने निघत नाहीत. म्हणून पहिल्या शीटचा पहिला आणि शेवटचा स्टिकर स्वतः काढून बघा. गम सहज निघणारा मागा, नाहीतर कपाटावर डाग पडतो आणि आईच्या तोंडी तुमच्या दुकानाचं नाव येतं, पण भलत्या सुरात. मराठी मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या चित्रात, बदलूनच फाइल द्या. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की रफार आणि जोडाक्षरं विस्कटतात.

रंगवायचं कार्ड देणार असाल तर चकचकीत आर्ट पेपर टाळा, त्यावर खडू घसरतो. जाड मॅपलिथो, म्हणजे न चकाकणारा साधा कागद घ्या. पेन्सिलीवरचं नाव टोकाकडून सुरू केलं तर चार वेळा शार्पनर फिरला की गेलं. अगदी मागच्या टोकाला छापलं तर मुलं चावतात. मागून तीन सेंटीमीटर सोडून छापा. आठच्या पुढच्यांना लाकडी भोवरा, कोडी चालतात. अकरा-बारा वर्षांच्यांना ‘बाळांची’ वस्तू दिलेली आवडत नाही. त्यांना चांगली वही द्या.

काय कधी वाटायचं हेही बघा. एप्रिल-मेमध्ये चॉकलेट नको, उन्हात ठेवलेल्या खोक्यातच त्याचा लगदा होतो. शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात, म्हणजे शालेय वस्तूंची ऑर्डर मेच्या सुरुवातीला. संक्रांतीला पतंगासारखं दुसरं काही नाही, पतंगांसाठी ओळखलं जाणारं येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. पण त्यावर जाड स्टिकर चिकटवू नका. वजन एका बाजूला गेलं की पतंग गोता खातो. नाव मधोमध, पातळ शाईत. सोबत दोरा देणार असाल तर फक्त सुती; नायलॉन मांज्यावर बंदी आहे.

संख्या काढताना अपेक्षित मुलांवर 15 टक्के वाढवा. 300 मुलं धरली तर 345, म्हणजे स्टिकरची 350 पानं. त्याला 39 शीट लागतात, 40 छापून घ्या. रंग किंवा डिझाइन एकच ठेवा. दोन भावंडांना दोन वेगळ्या गोष्टी मिळाल्या की भांडण तुमच्याच काउंटरवर होतं. मोफत वाटलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (म्हणजे तो कर आपल्या देय करातून वजा करणं) मिळत नाही, तेव्हा खर्च करासकट धरा.

स्टॉलवर रंगवायचं कार्ड मूल आल्याबरोबर द्या, शेजारी छोटं टेबल आणि खडू ठेवा. तेवढ्यात आईवडिलांशी दहा मिनिटं बोलता येतं. दुकानात मात्र भेट निघताना द्या, आणि वाकून थेट मुलाच्या हातात. वडिलांच्या पिशवीत टाकलेली वस्तू मुलाला घरी गेल्यावरही दिसत नाही.