रिमॅप केलेल्या डीएसजी गाडीत झटके येतायत? गिअरबॉक्स खाली उतरवायच्या आधी हे करा

गाडीला रिमॅप मारला (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली), दोन-तीन महिने नुसती मजा, आणि मग एक दिवस तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तर आरपीएमचा काटा वर पळतो पण गाडी तेवढी पळत नाही, किंवा सिग्नलवरून निघताना थरथरते, किंवा दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागून कोणीतरी ढकलल्यासारखा धक्का बसतो. गॅरेजमध्ये गेलं की पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, "साहेब गिअरबॉक्स गेला". मग लाखाच्या घरातलं एस्टिमेट हातात येतं आणि माणूस रडकुंडीला येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मॉडिफाय केलेल्या गाडीत गिअरबॉक्सवर संशय घ्यायच्या आधी इंजिन त्याला काय सांगतंय ते तपासा, कारण बऱ्याचदा खरी गडबड तिथे असते आणि तपासायला पैसे जवळपास लागत नाहीत.

मी इथे मुख्यतः फोक्सवॅगन-स्कोडाच्या ७ स्पीड ड्राय क्लच डीएसजीबद्दल (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) लिहितोय, ज्याला आतल्या भाषेत डीक्यू२०० म्हणतात. आपल्याकडे रिमॅप होणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांत हाच डबा, म्हणजे गिअरबॉक्स, खूप दिसतो. जुनी १.२ ची पोलो जीटी टीएसआय, ऑक्टाव्हिया १.८, आणि आता चाकणमधून निघणाऱ्या व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाक यांचं १.५ इंजिनवालं डीएसजी मॉडेल. १.० टीएसआयवाल्यांनी आधीच लक्षात घ्या, तुमच्याकडे डीएसजी नाहीये, टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) आहे, तुमच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय. लोक हे दोन्ही एकच समजून एकमेकांना सल्ले देतात आणि सगळा घोळ होतो.

डब्यात दोन क्लच असतात. के-१ वर १, ३, ५, ७ हे गिअर आणि के-२ वर २, ४, ६ आणि रिव्हर्स. हे पाठच करा, अर्धं निदान यातच आहे. दोन्ही क्लच कोरडे, तेलात बुडालेले नाहीत, म्हणजे तापले की थंड व्हायला फक्त हवा. आणि हा डबा २५० एनएम टॉर्कसाठी बनवलेला आहे. भारतातल्या ऑक्टाव्हिया १.८ ला १८० पीएस असूनही टॉर्क बरोब्बर २५० वर थांबवला होता तो याच डब्यामुळे, युरोपात हेच इंजिन ४ बाय ४ मध्ये वेट क्लचच्या ६ स्पीड डब्याबरोबर २८० एनएम देत होतं. जुन्या पोलोत कंपनीचे १७५ एनएम, त्यामुळे स्टेज १ (पहिल्या पातळीचा रिमॅप) मारूनही थोडी जागा उरते. पण १.५ टीएसआय कंपनीतूनच २५० एनएम घेऊन येते, तिथे रिमॅप म्हणजे पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या वर. हे रिमॅप मारणारा सांगेलच असं नाही, म्हणून मी सांगतोय.

आता मुद्द्याचं. क्लच किती घट्ट दाबायचा हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठरवतो, पण टॉर्क मोजणारा सेन्सर त्याच्याकडे नसतो. इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, त्याला वायरवरून आकडा पाठवतो की बाबा आत्ता एवढा टॉर्क देतोय, आणि तो त्या आकड्यावर विश्वास ठेवून क्लच दाबतो. आता तुम्ही ट्यूनिंग बॉक्स लावला, तो दोन-चार कनेक्टरमध्ये खोचायचा डबा. तो काय करतो तर बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला दाखवतो, ईसीयूला वाटतं बूस्ट कमी आहे, तो वाढवतो. ताकद वाढली, पण ईसीयूला स्वतःलाच ते माहीत नाही, मग गिअरबॉक्सला कुठून कळणार? तो जुन्या टॉर्कच्या हिशोबाने क्लच दाबतो आणि क्लच घसरतो. चांगला धडधाकट क्लच, नुसता चुकीच्या माहितीवर जळतो. रिमॅपमध्येही हेच होऊ शकतं, कारण काही जण टॉर्कची लिमिट नीट वाढवण्याऐवजी टॉर्क मोजण्याचे टेबलच खाली ओढून ठेवतात म्हणजे ईसीयू तक्रार करत नाही. गाडी पळते जोरात, पण गिअरबॉक्सला खोटा आकडा जातो.

म्हणून पहिली टेस्ट फुकटची. बॉक्स असेल तर काढा, रिमॅप असेल तर ट्यूनरकडून कंपनीची मूळ फाइल परत टाकून घ्या, आणि त्याच रस्त्यावर, तेवढ्याच गरम गाडीत परत चालवून बघा. त्रास पूर्ण गेला तर क्लचमध्ये अजून जीव आहे, दोष फाइलचा आहे. मूळ फाइलवर पण घसरतोय तर मात्र प्लेट झिजलीये. लोक ही टेस्ट टाळतात कारण चार दिवस स्लो गाडी चालवायची जिवावर येते. टाळू नका.

दुसरी गोष्ट, स्लिप (क्लच घसरणं) आणि मिसफायर (इंजिनचा ठोका चुकणं) यातला फरक ओळखायला शिका. एका मित्राच्या पोलोत खंबाटकी घाट चढताना जोरात पाय दिला की खाड खाड झटके यायचे, गॅरेजवाल्याने मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्सचा कंट्रोलर आणि हायड्रॉलिक्सचा एकत्र भाग) बदला म्हणून सांगून टाकलं होतं. आम्ही स्पार्क प्लग काढून बघितले तर गॅप चांगलीच वाढलेली. बूस्ट वाढवला की ठिणगीला जास्त दाबाच्या हवेतून उडी मारायची असते, त्यामुळे जुन्या प्लगवर ती विझते आणि इंजिन एक ठोका सोडतं, तो झटका ड्रायव्हरला हुबेहूब गिअरबॉक्ससारखा वाटतो. नवे प्लग थोड्या कमी गॅपवर बसवले, एक कॉइल बदलली, विषय संपला. ओळखायची खूण अशी की क्लच घसरला की काटा गुळगुळीत वर जातो आणि स्पीड मागे राहतो. मिसफायरमध्ये काटा वर पळत नाही, अडखळतो. आणि आरपीएम पण नाही, स्पीड पण नाही, वर बोनेटखालून फुस्स आवाज, तर इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारा) पाइप कुठेतरी सुटलाय, क्लॅम्प बघा.

याच फेरीत बॅटरी आणि माउंट पण उरकून टाका. मेकॅट्रॉनिकमध्ये प्रेशर बनवणारा पंप इलेक्ट्रिक आहे, बॅटरी मेलेली असेल किंवा डिकीत मोठा अँप लावून अर्थिंगची वाट लावलेली असेल तर गिअरबॉक्सचे विचित्र एरर कोड येतात. आणि कडक पॉलीयुरेथेनचा इंजिन माउंट बसवला असेल तर जी थरथर आधी रबर गिळत होतं ती आता थेट सीटमध्ये येते. माउंट बदलल्याच्याच आठवड्यात "जडर (थरथर) सुरू झाला" म्हणत असाल तर आधी जुना माउंट परत लावून बघा.

एवढं करून त्रास राहिला तर मग स्कॅनर. दोन-तीनशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल साधारण इंजिनचेच कोड वाचतो, इथे चालत नाही, गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये शिरणारा पाहिजे, व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, कोणाकडून तरी उसना घ्या. ०१ म्हणजे इंजिन, ०२ म्हणजे गिअरबॉक्स, दोन्ही वाचा. आणि हात जोडून सांगतो, फोटो काढल्याशिवाय कोड उडवू नका. कोडबरोबर त्या वेळचा स्पीड, तापमान, व्होल्टेज साठवलेलं असतं, ते एकदा पुसलं की परत मिळत नाही. पी१७बीएफ किंवा पी१८९सी आला तर तो हायड्रॉलिक प्रेशरचा प्रॉब्लेम आहे, बहुतेक वेळा मेकॅट्रॉनिकमध्ये जिथे प्रेशर साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर बसतो तिथे अ‍ॅल्युमिनियमला चीर जाते, तेल आतल्या आत गळतं आणि पंप सारखा चालत राहतो. इग्निशन ऑन करून शांत जागी कान द्या, घूं करून पंप थांबला तर ठीक, दर काही सेकंदांनी परत घूं घूं करतोय तर प्रेशर टिकत नाहीये. हा या डब्याचा माहितीतला आजार आहे, रिमॅप न केलेल्या गाड्यांतही होतो, त्यामुळे ट्यूनरशी भांडायला जाऊ नका. जुनी गाडी सेकंडहँड घेतली असेल तर अजून एक, नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या या डब्याचं सिंथेटिक गिअर ऑइल बदलून मिनरल टाकायला परत बोलावल्या होत्या, कारण दमट गरम हवा आणि रांगत्या ट्रॅफिकमध्ये इलेक्ट्रिकल शॉर्ट होत होता. त्या काळातली गाडी असेल तर ते काम झालंय का हे चॅसी नंबर देऊन विचारून घ्या.

आता लॉगिंग, यात खरं उत्तर मिळतं. स्कॅनरमध्ये इंजिन आरपीएम, इनपुट शाफ्ट १ चा (के-१ ने फिरणारा) आरपीएम, इनपुट शाफ्ट २ चा (के-२ ने फिरणारा) आरपीएम, लागलेला गिअर, क्लचचं तापमान आणि इंजिन टॉर्क एवढं निवडा. लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर, तुमच्या नाही. पहाटेचा मोकळा सरळ रस्ता, थोडा चढ असेल तर उत्तम. मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर, १५०० ते १८०० आरपीएमपासून अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू पूर्ण दाबा पण तळाचा तो टक् वाजणारा स्विच दाबू नका नाहीतर गाडी स्वतःच खालचा गिअर टाकेल. ३५०० पर्यंत गेलं की सोडा. रेडलाइनपर्यंत ओढायची काहीच गरज नाही, टर्बो गाडीत जास्तीत जास्त टॉर्क २०००-३००० च्या पट्ट्यातच येतो आणि क्लच तिथेच आधी घसरतो. मग हेच चौथ्यात. घरी येऊन बघा, तिसऱ्यात इंजिन आणि शाफ्ट १ चे आकडे हातात हात घालून चालायला पाहिजेत, चौथ्यात इंजिन आणि शाफ्ट २ चे. टॉर्क शिगेला पोचला की इंजिन २००-३०० ने पुढे पळतंय आणि नंतर परत जुळतंय, म्हणजे स्लिप. फक्त तिसऱ्यात तर के-१, फक्त चौथ्यात तर के-२, दोन्हीत आणि फक्त रिमॅपवर तर परत वरचा खोट्या टॉर्कचा मुद्दा वाचा. गिअर बदलतानाच्या क्षणी फरक दिसणारच, तो मोजू नका.

निघतानाच्या थरथरीला लॉगपण लागत नाही. सोसायटीच्या रॅम्पवर आधी सरळ हळू चढवा, मग रिव्हर्समध्ये. सरळ निघताना थरथर तर के-१, रिव्हर्समध्ये आणि दुसऱ्या गिअरच्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये थरथर तर के-२. आणि रिव्हर्स अजिबात लागतच नाही पण पुढचे काही गिअर चालतायत, तर कंट्रोलरने के-२ ची अर्धी बाजू बंद करून ठेवलीये, गाडी टो करा, रेटू नका. सकाळी छान आणि संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये एक तास रांगल्यावर थरथरते तर ते तापण्याचं लक्षण. मॉडिफाय केलेल्या गाडीत तर याची जास्त काळजी घ्या, पुढच्याशी अंतर पडू द्या, मग निघा, उभं राहिलात तर ब्रेक पूर्ण दाबा म्हणजे क्लच सुटतो, आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं आजपासून बंद.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्यांसाठी थोडक्यात. ६०-८० च्या स्पीडला हलका पाय ठेवून चाललात की रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर येते का? त्याच वेळी डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागे कोणी नाही हे बघून. लॉकअप (कन्व्हर्टरमधला थेट जोडणारा क्लच) सुटतो, आणि थरथर तत्क्षणी थांबली तर लॉकअप क्लच किंवा जुनं झालेलं तेल. तेल "लाइफटाइम" आहे असं म्हणतात त्यावर रिमॅपवाल्याने विसंबू नये, ठरलेल्या ग्रेडचं तेल बदला आणि लेव्हल ठरलेल्या तापमानालाच तपासून घ्या. आणि ब्रेक दाबून फुल रेस देण्याची जुनी स्टॉल टेस्ट कोणी डीएसजीवर करायला लागला तर चावी काढून घ्या, कोरडे क्लच तिथेच जळतील.

शेवटी क्लच बदलायचाच ठरला तर गॅरेजवाल्याला एकच प्रश्न विचारा, शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) मोजणार का आणि स्पेशल टूल आहे का. या डब्यात क्लचचं अंतर मोजून बसवावं लागतं, अंदाजाने बसवलेला नवा क्लच महिन्यात जुन्यासारखा थरथरतो. बसवल्यावर स्कॅनरने बेसिक सेटिंग, मग अ‍ॅडॅप्टेशनसाठी (कंट्रोलरने क्लचचा अंदाज नव्याने शिकणं) सगळ्या गिअरमधून शांत फेरी. कोणी क्लच न बदलता नुसतं अ‍ॅडॅप्टेशन मारून "झालं" म्हणाला तर झिजलेली प्लेट काही जाड होत नाही, पंधरा दिवसांत परत तिथेच. नव्या क्लचवर पहिले काही शे किलोमीटर मूळ फाइलच ठेवा, मग टॉर्कचा आकडा खरा पाठवणारी आणि मर्यादेत राहणारी फाइल टाका, आणि त्याच रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्याचा लॉग परत काढून जुन्या लॉगशेजारी ठेवून बघा.