या चुका टाळा: आल्बिनिझम असलेलं मूल आणि किनाऱ्यावरचं ऊन

सगळ्यात घातक चूक म्हणजे आल्बिनिझमला कोड समजणं. मी जन्मापासून असाच, वेंगुर्ल्यात वाढलो. आजही आईबाप तेच करताना दिसले की जीव तुटतो. कोडात असलेला रंग जातो. आमच्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, मुळातच नीट तयार होत नाही.

मी ७ वर्षांचा असताना कुणीतरी कोडावर लावतात ते बावचीचं तेल आणून दिलं. आजीने पाठीला, दंडांना चोळलं आणि खळ्यात बसवलं. "झिला, जरा उनात बस, रंग येतलो." संध्याकाळपर्यंत पाठ लालभडक झाली, तिसऱ्या दिवशी पाण्याने टरारलेले फोड आले. आठवडाभर पालथा झोपलो. आजी केळीच्या पानाने वारा घालत रडायची. बावचीतलं सोरालेन कातडीला उन्हापुढे आणखी हळवं करतं, आणि आमच्याकडे आधीच आडोसा नाही. आल्बिनिझमवर रंग आणणारं तेल नाही, लेप नाही, काढा नाही. महिन्याभरात फरक दाखवतो म्हणणाऱ्याच्या दारात मुलाला नेऊ नका.

आभाळ भरलंय म्हणून सनस्क्रीन टाळू नका. अतिनील किरण ढगांतूनही येतात. टोपी घातली म्हणजे झालं, असंही नाही. वाळू आणि पाणी ऊन खालून तोंडावर फेकतात. मी आधी पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो, मगच क्रीम: एसपीएफ ३० किंवा वरचं, चेहऱ्या-मानेला दोन बोटं भरून, निघण्याआधी १५ मिनिटं, मग दर २ तासांनी. कान आणि ओठ हमखास राहतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढतात ते मासेमारीचं जाळं, बघायला जायचं तर सकाळी ८ च्या आत.

गॉगल यूव्ही ४०० चाच, म्हणजे अतिनील किरण अडवणारा घ्या. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात.

महिनाभर न भरणाऱ्या जखमेवर हळद लावत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तो कर्करोग असू शकतो.

आणि मुलाची वाकडी मान सरळ करू नका. आमची बुबुळं सतत हलतात. मान एका विशिष्ट बाजूला वळवली की ती बरीच थांबतात आणि दिसायला लागतं. शाळेत बाई हनुवटी धरून माझी मान सरळ करायच्या आणि फळा पुसट व्हायचा. चष्म्याने सगळं स्पष्ट होत नाही, तरी तो लावाच. पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवा, मोठ्या अक्षरांची पुस्तकं मागा आणि मान हवी तशी वळू द्या.