नसलेल्या वस्तूविषयीचे विधान कसे तपासावे

बुधाच्या कक्षेतील एक सूक्ष्म फरक न्यूटनच्या सिद्धांताने उलगडत नव्हता. सूर्याजवळचे अज्ञात ग्रहीय द्रव्य त्याला कारणीभूत असावे, असे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ले व्हेरिए यांनी १८५९ मध्ये सुचवले आणि त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन हे नाव मिळाले. १९१५ मध्ये आइनस्टाइन यांनी तोच फरक ग्रहाविना स्पष्ट केला. तरीही ‘ले व्हेरिए यांनी व्हल्कनचा शोध घेतला’ हे विधान खरेच आहे. अशा विधानाची तपासणी वस्तूपासून नव्हे, क्रियापदापासून सुरू करावी. शोध लावण्यासाठी वस्तू असावी लागते, शोध घेण्यासाठी ती नसली तरी चालते. मनोव्यापार नेहमी कशाच्या तरी दिशेने वळलेला असतो, हे तत्त्वज्ञ ब्रेंटानो यांनी १८७४ मध्ये मांडलेले विषयोन्मुखतेचे लक्षण इथेच ध्यानात घ्यावे.

त्यानंतर नकार वेगळा काढावा. ‘व्हल्कन नाही’ म्हणजे व्हल्कन नावाच्या वस्तूत काही उणीव आहे असे नव्हे. ‘अमुक वर्णनाला उतरणारा ग्रह नाही’ असा त्याचा अर्थ तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्या १९०५ च्या पद्धतीने, म्हणजे नावाच्या जागी वर्णन ठेवून, करता येतो. ‘सशाचे शिंग नाही’ याचा अर्थ नैयायिक (न्यायदर्शनाचे विचारक) ‘सशाच्या ठिकाणी शिंगाचा अभाव आहे’ असा लावतात, आणि त्यात ससा व शिंग ही दोन्ही पदे खऱ्या वस्तूंचीच राहतात. माझ्या मते ही वाट आधी शेवटपर्यंत चालून पाहावी, कारण नकारापुरती ती पुरते.

खरी अडचण पुढे येते. १८७८ च्या सूर्यग्रहणात आपल्याला व्हल्कन दिसला, असा दावा खगोलशास्त्रज्ञ वॉटसन यांनी केला. ‘वॉटसन आणि ले व्हेरिए एकाच ग्रहाच्या मागे होते’ हे विधान वर्णनांत मोडून पाहावे: दोघांची वर्णने वेगळी ठरली, तर तो ‘एकच’पणा कुठे ठेवायचा? तत्त्वज्ञ पीटर गीच यांनी १९६७ मध्ये याच प्रश्नाकडे लक्ष वेधले. दोघांचे शोध ज्या समान परंपरेतून निघाले, ती दाखवून उत्तर मिळते का ते पाहावे. मला ते अर्धेच वाटते.

उत्तर अपुरे वाटल्यास तत्त्वज्ञ माइनोंग यांच्या मताकडे वळावे: वस्तूचे गुणधर्म तिच्या असण्यावर अवलंबून नसतात. मात्र हे स्वीकारताना ‘असणे’ हा गुण वर्णनात सरसकट घालू देऊ नये, नाहीतर ‘अस्तित्वात असलेला व्हल्कन’ केवळ शब्दांच्या बळावर अस्तित्वात येईल. हा आक्षेप रसेल यांचाच आहे. तो टाळण्यासाठी गुणांचे दोन वर्ग तरी करावेत (वस्तूचे वर्णन करणारे साधे गुण आणि ‘असणे’ यासारखे वेगळे गुण), किंवा तत्त्वज्ञ झाल्टा यांच्याप्रमाणे गुण धारण करण्याच्या दोन रीती मानाव्यात: गुण वस्तूच्या वर्णनात असणे आणि तो तिच्या अंगी प्रत्यक्ष असणे.