‘अल्बट्रॉस’ मराठीत कसा आणावा?

इंग्रजी मजकुरात हा शब्द भेटला की आधी शेजारचे शब्द बघा. गळा किंवा मान असेल तर तो ‘albatross around one’s neck’ (पाठ न सोडणारं ओझं) हा वाक्प्रचार, पार आणि फटके असतील तर गोल्फ, आणि वारा, पंख, बेटं असतील तर खराखुरा पक्षी.

पक्ष्याला अल्बट्रॉसच म्हणा, पुल्लिंगी चालवा. ‘समुद्री गरुड’ लिहू नका. तो निराळा शिकारी पक्षी आहे. वाचकाला ओळख हवी असेल तर ‘पंख न हलवता तासन्‌तास तरंगणारा, साडेतीन मीटरपर्यंत पंखविस्तार असलेला समुद्रपक्षी’ एवढं पुरे.

गोल्फमध्ये पारपेक्षा (त्या होलसाठी, म्हणजे खड्ड्यासाठी, ठरवलेल्या फटक्यांपेक्षा) तीन फटके कमी म्हणजे अल्बट्रॉस: पार ५ चं होल दोन फटक्यांत किंवा पार ४ चं एकाच फटक्यात. अमेरिकी यालाच ‘डबल ईगल’ म्हणतात. ईगल दोनने कमी, म्हणून डबल ईगल चारने कमी, असा हिशेब केलात तर फसाल.

खरी कसोटी वाक्प्रचाराची. त्याचं मूळ इंग्रज कवी कोलरिजच्या १७९८ च्या दीर्घकवितेत आहे. खलाशी निरपराध अल्बट्रॉसला बाण मारतो, पुढे वारा पडतो, पाणी संपतं आणि सोबती तोच मेलेला पक्षी त्याच्या गळ्यात अडकवतात. म्हणजे पक्षी अपशकुनी नव्हता, त्याला मारणं भोवलं. ‘गळ्यात अपशकुनी पक्षी’ असं भाषांतर म्हणूनच उलटं पडतं.

मराठीत सर्वांत जवळचं म्हणजे लोढणं, पळणाऱ्या गुराच्या गळ्यात बांधतात तो ओंडका. चाल मंदावणारं ओझं असेल तिथे तेच वापरा: ‘जुनं कर्ज कंपनीच्या गळ्यातलं लोढणं झालंय.’ पण लोढणं दुसरा कुणी बांधतो, त्यात स्वतःच्या चुकीचा वास नाही. मूळ वाक्यात जुनी करणी पाठ सोडत नसेल, तर ‘मानगुटीवर बसणं’ घ्या: ‘युद्धाच्या बाजूने दिलेलं ते मत आयुष्यभर त्याच्या मानगुटीवर बसलं.’ यात मूळ वाक्प्रचारातली मानही शाबूत राहते, हा वरचा फायदा. ‘पांढरा हत्ती’ मात्र टाळा, तो पोसण्याच्या खर्चाबद्दल बोलतो. ‘साडेसाती’ही नको, ती कधीतरी संपते आणि दोष शनीवर जातो.

लेखकाने पुढच्या ओळींत पक्ष्याच्या प्रतिमेशी खेळ केला असेल, तर मात्र मराठी वाक्प्रचाराने ते धागे तुटतात. तिथे अल्बट्रॉस तसाच ठेवा आणि कवितेतला प्रसंग अर्ध्या वाक्यात मजकुरातच गुंफा.