जर्मनीत पहिली कूपे घेताना : हिवाळ्याची चाकं आधी बघा

दरवर्षी गणपतीला जर्मनीहून बेळगावात शहापूरच्या घरी आलो की उद्यमबागेतून, खानापूर-निपाणीकडून जर्मनीला निघालेली पोरं भेटायला येतात. तेव्हा प्रश्न असतात ते खोलीच्या भाड्याचे, विम्याचे, भाषेचे. गाडीचा फोन येतो दीड-दोन वर्षांनी. आपलं भारतातलं लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतं, मग परत परीक्षा द्यायची. ती झाली, हातात चार पैसे जमले, की शाळेपासून मनात बसलेली स्पोर्ट्स गाडी सेकंडहँड दिसायला लागते. बीएमडब्ल्यूची दोन दारांची कूपे, ऑडी टीटी, एखाद्याला माझदाची एमएक्स-फाइव्ह. जरूर घ्या. पण किंमत ठरवायच्या आधी मालकाला विचारा, हिवाळ्याच्या चाकांचा सेट बरोबर देणार का? तिथल्या जाहिरातीत ‘आख्टफाख बेराइफ्ट’ असे शब्द दिसले तर त्याचा अर्थ आठ टायरांसकट गाडी, चार उन्हाळी आणि चार हिवाळी. तशी मिळाली तर थोडे जास्त मोजले तरी चालेल. नाही मिळाली, तर रिम आणि टायर मिळून नव्या सेटला हजार युरोच्या वर सहज जातात. ते गाडीच्या किमतीतच धरा, ऑक्टोबरात वेगळे काढायला लागले की जीवावर येतं.

मी हे सांगतो कारण मी ते धरले नव्हते. गाडी विकणारा म्हणाला होता, हे रुंद टायर डिसेंबरपर्यंत बिनधास्त चालतील. मला ते पटलं, कारण मी चोर्ला घाटात आणि आंबोलीच्या पावसात गाडी चालवलेला माणूस. नोव्हेंबरातली सकाळ, श्वेबिश आल्ब डोंगराचा चढ, बर्फाचा पत्ता नाही, नुसता ओला रस्ता आणि 3 अंश तापमान. वळणावर मागची बाजू सुटली आणि चाक कडेच्या दगडावर आदळलं. माणसं सुखरूप होती, रिमला मात्र आतून भेग गेली.

त्या हिवाळ्यात मला कळलं की आपला चिखलाचा अनुभव बर्फात उलटा लागू होतो. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात टायरच्या नक्षीत तांबडी माती भरली की टायर गुळगुळीत होतो, म्हणून आपण माती झाडून टाकणारी नक्षी चांगली मानतो. बर्फाचं तसं नाही. बर्फ बर्फाला चिकटतो. मुठीत दाबला की त्याचा गोळा होतो, तसाच तो टायरच्या खाचांत दाबून बसायला हवा, म्हणजे टायरमधला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ज्या बारीक नागमोडी चिरा असतात, त्या याच पकडीसाठी.

दुसरी गोष्ट रबराची. उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, आणि गाडी जितकी वेगवान तितका हा त्रास जास्त, कारण स्पोर्ट्स टायरचं रबर गरम डांबरावर चिकटायला बनवलेलं असतं. हिवाळी टायरमध्ये सिलिका आणि नैसर्गिक रबर जास्त असतं, ते थंडीतही मऊ राहतं. म्हणून बर्फ पडायची वाट बघू नका. बेळगावात जानेवारीच्या पहाटे आपण शेकोटी पेटवतो, त्याहूनही कमी तापमान तिथे ऑक्टोबरच्या शेवटी सकाळी ऑफिसला निघताना असतं. तिथले लोक ‘ओ ते ओ’ म्हणतात : ऑक्टोबर ते ऑस्टर्न, म्हणजे ईस्टर.

कायद्यात तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, गोठलेलं पाणी किंवा गोठलेलं दव असेल तर हिवाळी टायर हवेच, नाहीतर 60 युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघून घ्या. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेले जुने टायर 1 ऑक्टोबर 2024 पासून चालत नाहीत, आणि सेकंडहँड सेट विकणारे ते अजून खपवतात. कायद्याला 1.6 मिलिमीटर खाच पुरते, बर्फाला पुरत नाही. 4 च्या खाली गेलेला हिवाळी टायर घेऊच नका. ऑस्ट्रियात स्कीइंगला गेलात तर तिथे हिवाळी टायरला 4 हा कायदाच आहे.

आता मापाकडे या. सगळ्यांची चूक इथेच होते, कारण रुंद टायर दिसायला देखणा. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावतात ती शोभेला नव्हे. हिवाळ्याचं चाकही तसंच कामाचं बघायचं : एक नंबर लहान रिम, अरुंद टायर, उंच बाजू. अरुंद टायरवर तेवढंच वजन कमी रुंदीत येतं, त्यामुळे तो ओल्या बर्फावर तरंगत नाही, खाली दाबतो. उंच बाजू खड्डा आणि बर्फाखाली लपलेली कड सोसते. माझ्या फोर सिरीज कूपेला उन्हाळ्यात पुढे 225/40 आर 19, मागे 255/35 आर 19 असतात (आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिमचे इंच). हिवाळ्यात चारही 225/45 आर 18. गणित करून बघा : मागच्या उन्हाळी चाकाचा व्यास 661 मिलिमीटर, हिवाळीचा 660. चाक लहान वाटतं, पण बाहेरचा घेर तोच, म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही. शिवाय चारही एकसारखे असले की पुढचे-मागचे अदलाबदल करून झीज सारखी ठेवता येते. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर पुढच्या-मागच्या घेरात फरक अजिबात नको.

किती लहान जायचं, हे ब्रेक ठरवतो. मोठ्या कॅलिपरवर, म्हणजे ब्रेकच्या चिमट्यावर, 17 इंची रिम बसेलच असं नाही, म्हणून स्वस्त लोखंडी रिमचा विचार अशा गाडीला बहुतेक वेळा सोडावा लागतो. बोल्टचं वर्तुळ (माझं 5 बाय 120, म्हणजे 120 मिलिमीटरच्या वर्तुळावर 5 बोल्ट), मधल्या भोकाचं माप (72.6) आणि ईटी, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबला (चाक बसतं त्या तुकड्याला) टेकणारी बाजू किती मिलिमीटर सरकलेली आहे ते (माझं 34), हे तिन्ही जुळले पाहिजेत. उद्यमबागेत लेथवर काम केलेल्या पोराला हे समजावायला लागत नाही. भोक मोठं असेल तर मध्ये रिंग लागते, नाहीतर 100 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बोल्टची बैठक गोल की शंकूसारखी तेही तपासा. चुकीच्या बैठकीचा बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि वाटेत सैल होतो.

कागदाचं मात्र ऐकाच. गाडीबरोबरच्या सीओसी कागदात (कंपनीच्या प्रमाणपत्रात) जी मापं छापलेली आहेत, ती निर्धास्त घ्या. बाहेरच्या कंपनीची रिम असेल तर तिचं ‘आबेए’, म्हणजे सरकारी मंजुरीचं पत्र मागा. तेही तुमच्या गाडीला लागू नसेल तर ट्युफकडे, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडे, नेऊन नोंद करावी लागते. नोंद नसलेली चाकं घातली आणि अपघात झाला, की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

मी ओतकामातला माणूस, म्हणून रिमच्या फिनिशबद्दल थोडं. चकचकीत मशिनिंग केलेला चेहरा हिवाळ्यात घालू नका. त्यावर पारदर्शक थर पातळ असतो, एखादा खडा लागला की रस्त्यावरचं मीठ त्याखाली शिरतं आणि पांढऱ्या किड्यासारख्या रेषा पसरतात. साधी रंग मारलेली रिम घ्या, शक्यतो राखाडी. सेकंडहँड रिम असेल तर आतली बाजू दिव्याखाली फिरवून बघा, भेग तिथेच सापडते. सरळ केलेली, वेल्डिंग केलेली रिम कितीही स्वस्त असली तरी परत द्या.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला शिका. 3521 म्हणजे 2021 च्या 35 व्या आठवड्यात बनलेला टायर. 2014 च्या शेवटापासूनच्या नव्या गाड्यांत हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असते, त्यातल्या काहींना चाकात सेन्सर लागतात, तेव्हा दुसऱ्या सेटलाही घ्यायला लागतील. तापमान 10 अंश उतरलं की दाब साधारण 0.1 बार कमी होतो, हवा महिन्यातून एकदा बघा. हिवाळी टायरची वेगमर्यादा गाडीच्या वेगापेक्षा कमी असेल तर ती लिहिलेला स्टिकर चालकासमोर लावावा लागतो.

सप्टेंबरात ऑर्डर द्या, पहिलं बर्फ पडल्यावर गॅरेजमध्ये तीन-तीन आठवडे नंबर लागत नाही. उन्हाळी चाकं काढताना खडूने कुठलं चाक कुठलं ते लिहून अंधाऱ्या, कोरड्या तळघरात एकावर एक ठेवा. आणि चाकं बदलून आलात की 50 ते 100 किलोमीटरनंतर बोल्ट टॉर्क पान्याने (आवळायचा जोर मोजणाऱ्या) परत आवळा. माझ्या गाडीला 140 न्यूटन मीटर लागतात, तुमचा आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. पाना डिकीतच ठेवत जा. नसेल तर माझ्याकडून न्या, शनिवारी मी घरीच असतो.