मारुती ८००चं इंजिन घरी खोलताना: हेडला हात लावायच्या आधी

कार्बोरेटरवाल्या मारुती ८००चं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन घरच्या शेडमध्ये आरामात खोलता येतं. फक्त पावसाळ्यात हे काम काढू नका. कोल्हापूरच्या ओल्या हवेत उघड्या बोअरला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते भोक) एका रात्रीत तांबूस गंज धरतो.

बॅटरी, पेट्रोल, पाणी, ऑइल काढा. कूलंट अंगणात ओतू नका. गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. वायरी सोडण्याआधी फोटो.

क्रँक पुलीचा (क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या चाकाचा) बोल्ट इंजिन गाडीत असतानाच ढिला करा. हँडब्रेक ओढून उपयोग नाही, तो मागच्या चाकांना लागतो आणि गाडी चालते पुढच्या चाकांवर. टॉप गिअर टाका आणि कुणाला तरी पायाचा ब्रेक दाबायला बसवा. मग इंजिन चेन पुलीवर उतरवा. स्लॅबमधला पंख्याचा हुक त्यासाठी नसतो.

आता हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण. वाट लागते ती इथेच.

हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना बोल्ट सोडले तर वाकतं. रात्रभर थंड होऊ द्या. दोन्ही टोकांपासून सुरू करून तिरपं-तिरपं मध्याकडे या, एका वेळी पाव ते अर्धा फेरा. एक बोल्ट पूर्ण काढून मग दुसऱ्याला हात घालायचा, ही गॅरेजमधली सवय चुकीची आहे. सगळा ताण एका बाजूला जातो.

वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी पाजलेल्या इंजिनात बोल्ट गंजून धरलेले असतात. पान्याला पाइप लावून तिथे पैलवानकी नको. गंज सोडवणारं तेल मुळाशी टाका, रात्रभर मुरू द्या, सकाळी आधी केसभर आवळा आणि मग सोडा. 'कर्र' वाजलं तर बोल्ट सुटतोय. पाना हाताला मऊ लागला, रबर ओढल्यासारखा, तर बोल्ट पिळवटतोय. तिथेच थांबा, पुन्हा तेल टाका.

सगळे बोल्ट निघाले तरी हेड चिकटून बसतं. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचका, असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. फेसवर, म्हणजे हेड ब्लॉकवर बसतं त्या सपाट बाजूवर, एक ओरखडा पडला तरी गॅस्केट (मधलं सील) तिथून पाणी सोडणार. कोपऱ्यातल्या जाड भागाला लाकडी ठोकळा लावून चारही बाजूंनी हलकं ठोका आणि सरळ वर उचला. तरी हललं नाही तर एखादा बोल्ट राहिलाय का ते आधी बघा.

काढलेलं हेड फरशीवर पालथं ठेवू नका. उघडे वॉल्व्ह खाली आलेले असतात, हेडच्याच वजनाने वाकू शकतात. दोन्ही टोकांखाली लाकडी पट्ट्या घाला. मग सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी लावून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघा. फट ०.०५ मिमीपेक्षा जास्त असेल तर हेड उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, फेसिंगला (फेस घासून सपाट करायला) न्या.

खालचं काम सोपं. चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) काढा, कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) आणि त्याच्या कॅपवर १, २, ३ खुणा करा. कॅपांची अदलाबदल चालत नाही. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर क्रँकवर चरे पडतात. बोअरच्या वरच्या काठाला कड नखाला लागत असेल तर ती आधी काढा, मगच हातोडीच्या लाकडी दांड्याने पिस्टन वर ढकला.

मूळ बोअर ६८.५ मिमी. मोजमाप होईपर्यंत नवे पिस्टन घेऊ नका, आणि ब्लॉक बोअरिंगला (बोअर कातून मोठं करायला) नेईपर्यंत बोअरला ऑइल चोपडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.