कोलोरॅडोत मित्रासोबत पहिली एल्कची शिकार: आधी ठरवायच्या गोष्टी

दोघांत गाइड एकच असेल, तर पहिला बार कुणाचा हे घरूनच ठरवून निघा. एल्क, म्हणजे घोड्याएवढं मोठं हरीण, समोर आल्यावर ‘तू मार, तू मार’ करायला वेळ नसतो. सकाळी एकाची पाळी, संध्याकाळी दुसऱ्याची. चिठ्ठ्या टाकल्या तरी चालेल. ज्याची पाळी नाही त्याच्या रायफलच्या चेंबरमध्ये गोळी नको. यात भिडस्तपणा नको.

लायसन्सच्या सोडतीत ग्रुप म्हणून अर्ज केलात, तर ज्याचे प्रेफरन्स पॉइंट (सोडतीत नंबर न लागल्यास साठत जाणारे प्राधान्याचे गुण) सगळ्यात कमी, त्याचेच धरले जातात. पॉइंट साठवून बसलेल्या मित्राला हे आधी सांगा, नाहीतर दोस्तीत खडा. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या सुरक्षिततेच्या कोर्सचं) कार्ड लागतं, आणि रायफल सीझनला भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी जॅकेट-टोपी लागतेच.

शिकार बऱ्याचदा ९-१० हजार फुटांवर असते, तेव्हा विरळ हवेची सवय व्हायला एक-दोन दिवस आधी पोहोचा. गाइड छोट्या बाटलीतून पावडर फुर्रकन उडवून वारा बघतो (तुमचा वास एल्ककडे जातोय का ते), त्या वेळी जागचं हलू नका.

आणि बुकिंग करतानाच विचारा: मांस खाली कोण आणणार, खेचर की तुमची पाठ? मोठ्या नराची मागची एक तंगडीही चांगलीच जड भरते.